कंदील कोरणारी विळी

मी एक जुनी विळी आहे, मित्रांनो. घडीची, शिसवी पाटाची, टोकाला नारळ खवायची खवणी असलेली. माझं पातं आता काळं पडलंय आणि खवणीचे दोन दात बोथट झालेत. स्कॉटलंडमधल्या एका घरात, मोरीच्या नळाखालच्या कपाटात, साबणाच्या बाटलीशेजारी मी पडून असते. पूर्वी अशी नव्हते. माझं ऐकून घ्याल ना?

कराडच्या एका लोहाराने मला घडवलं. भट्टीतून काढून पाण्यात बुडवताना तो म्हणाला होता, "ही पोर लांब जाणार." किती लांब, हे त्या बिचाऱ्याला तरी कुठे ठाऊक होतं! सुनीतीच्या आईने मला विकत घेतलं, हळदकुंकू लावलं आणि लेकीच्या बॅगेत, दोन लुगड्यांच्या घडीत ठेवलं. सुनीतीचे यजमान श्रीकांत डॉक्टर. १९८० साली त्यांना स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावातल्या इस्पितळात नोकरी लागली होती. सुनीतीच्या कडेवर एक वर्षाची रेखा आणि बॅगेत मी.

लंडनच्या विमानतळावर अधिकाऱ्याने मला उघडून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"हे शस्त्र आहे का?"

"नाही हो, स्वयंपाकाचं आहे," सुनीती हळूच म्हणाली. "यावर बसतात."

"यावर बसतात?" त्याने पात्याकडे पाहून डोळे मोठे केले. श्रीकांतनी पाट दाखवून समजावलं, तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

सुनीती देवभोळी, शांत बाई. सोमवारचा उपवास, रोजची पोथी, दसऱ्याला माझी पूजा. तिने आवाज चढवलेला मी पहिल्या आठ वर्षांत ऐकला नव्हता. ओट्यापाशी उभं राहून चिरणं तिला जमेना, म्हणून ती लिनोलियमच्या जमिनीवर फतकल मारून माझ्या पाटावर पाय ठेवायची. शेजारच्या मोरागबाईंनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, ही घसरून पडली!

मोरागबाई विधवा, साठी उलटलेली, जिभेने तिखट. पहिल्याच ऑक्टोबरात त्या एक सलगमाचा गड्डा घेऊन आल्या. नारळाएवढा आणि दगडासारखा कठीण. "पोरी, तुझ्याकडे दणकट चमचा आहे का? माझे तीन वाकले."

सुनीतीने गड्डा घेतला, वरून टोपी कापली आणि नारळासारखा माझ्या खवणीवर फिरवला. कीस भराभरा खाली पडू लागला. मोरागबाई बघतच राहिल्या. "अरे देवा! तीस वर्षं मी हात मोडून घेतेय आणि हे यंत्र हिंदुस्थानात होतं!"

त्या दिवशी मी अकरा गड्डे पोकळ केले. त्यांना डोळे, दात कोरले, आत मेणबत्त्या लावल्या. टोपी आतून करपली की एक उग्र, मातकट वास सुटायचा. मला तो अजून आठवतो.

मग मोरागबाईंनी रीत सांगितली. ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी मुलं बापाचा जुना कोट घालतात, तोंडाला काजळी फासतात आणि कंदील घेऊन दारोदार जातात. पण फुकट काही मिळत नाही. दारात उभं राहून प्रत्येकाने काहीतरी करून दाखवायचं. गाणं, कविता, नाहीतर निदान एक विनोद. त्याला ते टर्न म्हणत. टर्न झाला की मगच सफरचंद आणि दाणे.

सुनीतीचा चेहरा असा उजळला! "अगंबाई, हा तर आपला भोंडलाच की! आधी गाणी, मग खिरापत." त्या वर्षापासून ती झाकल्या डब्यात खिरापत ठेवू लागली. टर्न झाला की मुलांनी आत काय आहे ते ओळखायचं. लाल गालांची ती पोरं 'कोकोनट!' म्हणून ओरडायची. गावात माझं नाव झालं. लोक गड्डे घेऊन आमच्या मागच्या दारी येऊ लागले. रेखा पाच वर्षांची झाली तेव्हा मोरागबाईंनी तिला त्यांच्या बोलीतली एक लांब कविता शिकवली. श्रीकांतच्या कोटात बुडालेल्या, काजळाच्या मिशा काढलेल्या रेखाने ती न अडखळता म्हटली. दारातल्या बायकांनी डोळे पुसले.

आता दुसऱ्या बाजूचं सांगते. आमच्या गावासमोरच्या खाडीत अमेरिकेच्या आरमाराचा तळ होता. राखाडी जहाजं, पाणबुड्या, हजारो माणसं. दोन्ही देशांची जुनी दोस्ती, म्हणून ते आले होते. गावातली निम्मी दुकानं त्यांच्यावर चालायची. माणसं वाईट नव्हती हो. एका खलाशाची बायको तर सुनीतीला 'हनी' म्हणायची आणि दरवर्षी एक भलामोठा लाल भोपळा आणून द्यायची. तो इतका मऊ, की चमच्याने पोकळ व्हावा. माझी गरजच नाही. सुनीती आतल्या गराचं भरीत करायची आणि मी भिंतीला टेकून बघत राहायची. रागवायचं तरी कुणावर? भेटच आणली होती ना तिने!

पण हळूहळू गड्डे येईनासे झाले. दारात प्लास्टिकचे मुखवटे दिसू लागले, दुकानात टांगलेले, एकसारखे. टीव्हीवर आणि व्हिडिओवर मुलं जे बघत तेच दारात ओरडत, 'ट्रिक ऑर ट्रीट!', म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, आणि पिशवी पुढे करत. ही तळावरची मुलं नव्हेत बरं का, इथलीच, सात पिढ्यांची.

१९८८ च्या ऑक्टोबरात शाळेतून चिठ्ठी आली. दरवर्षीच्या कार्यक्रमात यंदा टर्न नाहीत. वेळ फार जातो, मुलं लाजतात. त्याऐवजी व्हिडिओवर सिनेमा आणि भोपळ्यांची स्पर्धा.

सुनीतीने ती चिठ्ठी तीनदा वाचली. "शाळेत नाही तर नाही," ती रेखाला म्हणाली. "पण मोरागबाई वाट बघत असतील. तू त्यांच्या दारात जाऊन आपली कविता म्हण. एवढं माझं ऐक."

रेखा आता नऊ वर्षांची होती, आणि तिचं मराठी मोडकंतोडकं. "मॉम, नोबडी डझ दॅट! सगळे हसतात. मला लाज वाटतो."

"पाच वर्षांची होतीस तेव्हा नाही वाटली ती?"

"तेव्हा मी बेबी होता."

श्रीकांत पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, आपण बाहेरची माणसं. यांच्या रीतीभातींची काळजी आपण कशाला करायची?"

"अहो, ज्या घरात राहतो तिथला केर आपणच काढतो ना?" सुनीती म्हणाली. पण हळू आवाजात. त्यामुळे कुणी ऐकलं, कुणी नाही.

तो दिवस सोमवार होता. सुनीतीचा उपवास. सकाळीच तिने ग्लासगोहून आणलेला नारळ माझ्यावर खवून वड्या केल्या आणि डब्यात झाकून ठेवल्या. मग एक गड्डा अर्धा कोरला. उरलेला अर्धा रेखाबरोबर कोरायचा असं ठरवून तिने तो माझ्याजवळच ठेवला. पण शाळेतून आलेली रेखा "शाळेच्या हॉलला जातो" म्हणून पाच वाजताच निघून गेली. श्रीकांत ड्यूटीवर होते.

सहाच्या सुमारास घंटा वाजली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं दिसलं. पाच मुखवटे. चौघांनी एका सुरात घोषणा केली, पिशव्या पुढे झाल्या.

सुनीती हसून म्हणाली, "आधी टर्न. मग ओळखा, डब्यात काय आहे?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. "आम्हाला येत नाही."

"एक ओळ म्हणा. एक विनोद सांगा. मी थांबते."

ती खरंच थांबली, डबा छातीशी धरून. भोंडल्याला अशाच थांबतात बायका. गाणं झाल्याशिवाय झाकण निघत नाही. तिला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

"ही बाई वेडी आहे," एक मुखवटा म्हणाला आणि सगळे वळले. पाचवी मुलगी मागेच, गप्प उभी होती. तिचे निळे बूट मी ओळखले. शनिवारीच नवे आणले होते, माझ्याशेजारी वाळत पडले होते. मित्रांनो, विळीला वाचा नसते याचं मला तेवढं दुःख कधी झालं नव्हतं.

दार लागलं आणि बाहेर थप्, थप् असे आवाज झाले. सुनीतीने परत दार उघडलं. दारावर, उंबऱ्यावर, तिने सकाळी काढलेल्या रांगोळीवर अंडी फुटली होती. जिने जन्मात अंड्याला बोट लावलं नव्हतं ती बाई, उपवासाच्या दिवशी, गुडघ्यांवर बसून ते पुसू लागली.

आवाज ऐकून मोरागबाई बादली घेऊन आल्या. दोघींनी मिळून दार धुतलं आणि मग त्या आत येऊन खुर्चीवर टेकल्या. सुनीती म्हणाली, "मी फक्त टर्न मागितला होता हो."

मोरागबाई खाली बघत राहिल्या. "मी नाही मागितला, पोरी. सकाळीच गोळ्यांची मोठी पिशवी आणली, तळावर मिळते ती. आले त्यांना मूठमूठ दिली. या वयात दार कोण धूत बसणार?"

आणि मग सुनीतीचा आवाज चढला. "मोरागबाई! तुम्हीच मला शिकवलंत! तुमची रीत, तुमचा देश, आणि भांडायचं मी एकटीने? रोज टीव्हीसमोर बसून तुम्ही त्या अमेरिकनांना नावं ठेवता, आणि दारात मात्र मूठमूठ गोळ्या! त्या पोरांना मी काय सांगू?"

तेवढ्यात मागच्या दाराने रेखा आली. मुखवटा हातात, निळ्या बुटाला अंड्याचं कवच चिकटलेलं. तिने आईचे ओले हात पाहिले आणि रडू लागली. "मी नाही फेकलं. पण मी होता तिथे."

मोरागबाईंनी खुर्ची रेखाकडे वळवली, पाठ ताठ केली, कोटाच्या खिशातून एक लाल सफरचंद काढलं. रेखासाठी राखून ठेवलेलं. "ठीक आहे. मी बसले आहे. कर तुझा टर्न."

रेखाने डोळे पुसले. दोन ओळी नीट म्हटल्या. तिसरीला अडली. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच अडली. तिच्या ओठांवर जे आलं ते टीव्हीवरच्या अमेरिकन बिस्किटांच्या जाहिरातीचं गाणं. ते तिला अख्खं पाठ होतं. तिलाच ते कळलं आणि ती मध्येच थांबली.

मोरागबाईंनी सफरचंद परत खिशात ठेवलं. संध्याकाळभर टर्न न मागता गोळ्या वाटत बसलेल्या त्या बाईने! "पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या. "शनिवारी चारला ये. मी शिकवते."

रेखा वर्षभर गेली. पुढच्या ऑक्टोबरात तिने आमच्या स्वयंपाकघरात, मी कोरलेला कंदील हातात धरून, सगळी कविता म्हटली आणि सफरचंद मिळवलं. पण दारोदार जायला ती तयार झाली नाही. एकटीने कसं जाणार? बाकी कुणी नव्हतंच.

१९९२ साली तळ हलला, जहाजं गेली. गावकऱ्यांना वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं होईल. काही झालं नाही. नोकऱ्या गेल्या, भोपळे मात्र सुपरमार्केटात ढीगभर येतात. मोरागबाई आता नाहीत. रेखा एडिनबराला शिकते. सुनीतीच्या ओट्यावर विजेचं यंत्र आहे, आणि मी नळाखाली. तिचे गुडघे दुखतात, त्यात तिचा दोष नाही. पण वापर नसला की दात बोथट होतात, हे मी स्वतःवरून सांगते.

म्हणून, मित्रांनो, एक विनंती. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या दारात एखादं मूल हात पुढे करून उभं राहील. दार धुवावं लागेल या भीतीने पटकन मूठ रिकामी करू नका. डबा झाकलेलाच ठेवा, जरा थांबा, आणि त्याला प्रेमाने विचारा, "बाळा, तुला काय येतं?"