माझ्या नजरेला दिलेला दोष

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जुनी म्हणजे अवघी चार वर्षांची. पण आमच्या यंत्रांच्या जातीत चार वर्षांत पणजीबाई होतात. मी अंधारात पाहते. शिकारीच्या बंदुकीवर जी काचेची दुर्बीण असते, तिच्या तोंडाशी मला बसवतात. नेम धरायची फुली त्या थोरलीकडे आणि अंधारातली नजर माझ्याकडे, अशी आमची वाटणी. गोळी कुणावर झाडायची हे ठरवणारा मात्र तिसराच असतो. त्या तिसऱ्याने माझा विश्वासघात कसा केला, ते आज सांगते.

माझ्या डोळ्याची काच काळीकुट्ट आहे, कारण ती उजेड नव्हे, ऊब आत घेते. जिवंत प्राणी मला पांढरा दिसतो, गार माती काळी. माझ्या काही चुलत बहिणी चांदण्याचा मिणमिणता उजेड वाढवून दाखवतात. त्यांना प्राण्याचे कान, शेपूट, अंगावरचे पट्टे नीट दिसतात; पण दूरवर कुणी निपचित बसले तर त्यांना पत्ता लागत नाही. मला तो चटकन सापडतो, पण तो कोण हे सांगताना माझी भंबेरी उडते. ज्याचे त्याचे गुण असतात.

वोल्फ्सबुर्गजवळच्या एका गावात लोमानबाईंचे शिकारी सामानाचे दुकान होते. तिथून जयंत मला घेऊन गेला. जयंत मूळचा सांगलीचा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. जर्मनीतली शिकारीची अवघड परीक्षा तो पहिल्या फटक्यात पास झाला होता. "अहो, पण ते मांस माझ्या फ्रीजमध्ये नाही हं ठेवायचं," असे त्याच्या बायकोने, प्रभाने, बजावले होते.

दुकानात तो लॅपटॉप घेऊनच आला. त्यात चौदा दुर्बिणींची एक्सेल शीट होती आणि अकरा रकाने. ज्या रकान्यात माझा आकडा सर्वांत मोठा होता, त्यावर त्याने हिरवा रंग ओतला. अठराशे मीटर!

लोमानबाई म्हणाल्या, "हा आकडा 'तिथे काहीतरी आहे' एवढंच कळण्याचा. 'कोण आहे' हे कळायला शंभर-सव्वाशे मीटरवर या. आणि मध्ये उंच गवत असेल तर आकडा विसरा."

"गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर," जयंत म्हणाला. त्याचे डोळे शीटवरच होते. 'कोण आहे' याचा रकाना त्याने केलाच नव्हता.

तरी सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. जयंतने मला बंदुकीवर बसवून आधी निशाणाच्या मैदानावर पुन्हा पुन्हा तपासले. गावातले जुने शिकारी टीडेमान आजोबा यांनी आपण भाड्याने घेतलेल्या शिकारीच्या रानात त्याला जागा दिली. तिथली रानडुकरे मक्याची शेते नांगरल्यासारखी उलथून टाकत. जयंतने चार-पाच डुकरे टिपली आणि शेतकरी माझे नाव घेऊ लागले. पण मला सर्वांत आवडायची ती मे महिन्यातली पहाट. गवत कापायचे यंत्र शेतात शिरण्याआधी जयंत मला हातात घेई आणि त्याची लेक स्वानंदी बरोबर येई. गवतात दडलेली हरणाची पाडसे आम्ही अगदी जवळ जाऊन शोधत असू. स्वानंदी ती गवतात गुंडाळून टोपलीतून कडेला नेई. बाबा मराठीत विचारी, ती जर्मनमध्ये उत्तर देई, पण त्या पहाटे दोघे हसत. मी टिपलेली चित्रे ती आपल्या फोनवर घेई.

टीडेमान आजोबांचा एक नियम होता. "जूनमध्ये एकटी दिसणारी डुकरीण एकटी नसते. थांब. तिला मोकळ्यावर येऊ दे." मागे पिल्ले असतील तर आईला मारणे हा तिथे गुन्हा आहे, आणि माणसाच्या दृष्टीने पापही.

त्या जूनमध्ये जयंत मचाणावर बसला होता. राय नावाच्या गव्हासारख्या पिकाच्या शेताच्या कडेला मला एक मोठा पांढरा गोळा दिसला, दोनशे दहा मीटरवर. मागच्या ताटांत बारीक पांढरे ठिपके दोनदा लुकलुकले. मी ते दाखवले, मित्रांनो! अस्पष्ट, पण दाखवले. जयंत पुटपुटला, "पिल्लं की ससे?" आणि तरीही त्याने चाप ओढला. मग सहा ठिपके ताटांतून बाहेर आले आणि पडलेल्या आईभोवती फिरू लागले.

पलीकडच्या मचाणावरून टीडेमान आजोबा धावत आले. जयंत म्हणाला, "यंत्र गोठलं होतं. चित्र अडकलं, मला दिसलंच नाही."

ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण यंत्राला तोंड कुठे असते?

गोळी सुटली की आधीच्या नि नंतरच्या क्षणांचे चित्रण माझ्यात आपोआप साठते. ते बेचाळीस सेकंदांचे होते, त्यात जयंतचे पुटपुटणेही होते. सकाळी स्वानंदीने शाळेसाठी पाडसांची चित्रे घेतली, त्यांत तेही तिच्या फोनवर गेले. तासाभराने जयंत आला आणि पुसण्याचे बटण दाबले. 'खरेच पुसायचे का?' हा प्रश्न मलाच विचारावा लागला. तो 'हो' म्हणाला. ज्याला मी नजर दिली, त्यानेच मला आंधळे ठरवले.

झाल्या प्रकाराबद्दल द्यायच्या सरकारी अर्जात त्याने लिहिले, 'उपकरणातील बिघाड'. मला तपासायला दुकानात धाडले. टीडेमान आजोबांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून साऱ्या शिकाऱ्यांना सांगितले की लोमानबाई खराब माल विकतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! बाईंच्या दुकानात माणूस फिरकेना.

एका संध्याकाळी बाई मला घेऊन जयंतच्या घरी आल्या. मला टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हिच्यात काहीही बिघाड नाही. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय."

जयंत म्हणाला, "आल्झो, म्हणजे असं की, यंत्र आहे. कधी अडकतं, कधी चालतं."

स्वानंदी दारात उभी होती. तिने चक्क मराठीत विचारले, "बाबा, तुला पिल्लं दिसली होती का?"

मित्रांनो, तिला सगळे ठाऊक होते. ती त्याला संधी देत होती. मनात मी ओरडत होते, सांग रे, सांग!

"नाही गं," तो म्हणाला.

स्वानंदीने बूट चढवले. "फ्राऊ लोमान, थांबा. मी पण येते."

"कुठे चाललीस?" जयंतने विचारले.

"टीडेमान आजोबांकडे," ती म्हणाली आणि फोन घट्ट धरून जिना उतरली.

पुढे आजोबांनी जयंतची रानातली जागा काढून घेतली. त्याने खरे सांगणारा नवा अर्ज लिहिला, आजोबांची माफी मागितली, लोमानबाईंची मागितली. लेकीची अजून मागतो. ती उत्तर देत नाही, जर्मनमध्येही नाही. माझी मात्र कुणी मागितली नाही. मी कपाटात पडून आहे, आणि पाहुणे विचारतात तेव्हा तो अजूनही म्हणतो, "ते यंत्र जरा तसलंच होतं."

मित्रांनो, माझ्यासारखी दुर्बीण निवडाल तेव्हा किती लांबचे दिसते एवढेच विचारू नका. ओळख कुठवर पटते तेही विचारा. शंका आली तर बोट चापावरून काढा. आणि हातून चूक झालीच, तर ती मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. आम्ही उलटून बोलत नाही, पण घरात कुणीतरी ऐकत असते.