पंचवीस आकडे

सोनिकाने मोबाईलवर वेळ लावली आणि कागद वडिलांसमोर सरकवला. कागदावर एक ते पंचवीस आकडे विखुरलेले होते. ते क्रमाने रेघेने जोडायचे. लिव्हर सिरोसिसच्या पेशंटचं डोकं किती चालतं, हे डॉक्टर असं पाहतात. महिन्यापूर्वी चंपतराव तेरावर अडकले होते आणि पेन्सिल कानावर ठेवून चहा मागत बसले होते.

आज त्यांनी पेन्सिल हिसकावूनच घेतली.

दाराशी उभी सोनिकाची आई, पंचफुला, त्यांच्या हाताकडे पाहत राहिली. बारा वर्षांपूर्वी सोनिकाने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा याच माणसाने पोटच्या पोरीला उंबऱ्यावरून हाकललं होतं. ती मेली, असं अख्ख्या खापरखेड्याला ऐकवलं होतं. मग आजाराने डोकं धुरकटलं आणि स्वारी तो राग कुठे ठेवला तेच विसरली. दिवाळीत सोनिका हिंमत करून आली, तर म्हणे, "जेवली का वं बाई?" तेव्हापासून ती दर रविवारी नागपूरहून येई आणि हे तिच्या हातून औषध घेत. पंचफुलाने मनातल्या मनात आजाराचे आभार मानले होते. त्याची तिला लाजही वाटे.

डॉक्टरांकडे नेलं ते सोनिकानेच. डॉक्टर म्हणाले, पोटात एक जंतू आहे, तो अमोनिया तयार करतो. खराब लिव्हरला तो निस्तरत नाही, त्यानेही डोकं मंदावत असेल, तो जंतू मारून पाहू. चौदा दिवसांच्या गोळ्या. आठव्या दिवशी चंपतरावांनी चहाचा कप भिंतीवर भिरकावला, आणि पंचफुलाने आपला नवरा ओळखला.

"आई, कालच्या गोळ्या तशाच आहेत," सोनिका हळूच म्हणाली. "काहून नाई दिल्या?"

"विसरली."

"तू?"

पंचफुला पदराशी चाळा करत राहिली.

"झालं." चंपतरावांनी पेन्सिल टाकली. अठ्ठेचाळीस सेकंद, एकही चूक नाही. पॉवरहाऊसमध्ये तीस वर्षं मीटरचे आकडे टिपलेला हात होता तो. त्यांनी चष्म्यावरून समोर पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"हिले कोणं आत घेतलं?"

सोनिकाने कागद आपल्याकडे ओढला.

"तुले इचारून राहिलो मी, पंचफुला. ही माझ्या घरात काहून?"

"अवो, तिनंच तर दवाखान्यात नेलं तुमाले."

"मी बोलावलं होतं का तिले?"

पंचफुलाने लेकीकडे पाहिलं. तिला वाटलं, आता तरी ही त्या गोळ्या उचलून मोरीत टाकेल.

सोनिकाने कागदाच्या कोपऱ्यात अठ्ठेचाळीस लिहिलं आणि तो फाईलला लावला. गोळ्या काढल्या, पेला भरला, नेहमीसारखा हात पुढे केला. चंपतरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला.

मग तिने गोळ्या आईच्या तळहातावर ठेवल्या.

"तू दे. माझ्या हातचं पाणी ते आता नाई पिणार. तीन दिवस राह्यले, एकही चुकवू नको."

"सोनू, कायले वं..."

"देऊन टाक, आई."

"उभी काय राह्यली?" चंपतराव भिंतीकडे पाहतच खेकसले. "आण इकडं."

पंचफुलाने पेला त्यांच्या हातात दिला. बाहेर पायरीवर सोनिका एकच चप्पल घालून थांबली होती. गोळी गिळल्याचा घोट ऐकू आला, तेव्हा तिने दुसरी घातली.