वाटीत उरलेली भुकटी

खोलीतल्या सगळ्यांनी आपापली अक्कल गहाण टाकली आहे, याबद्दल ताईच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मंगळावरच्या यंत्रगाडीने एका दगडाला भोक पाडलं, त्यातली चिमूटभर भुकटी भट्टीत भाजली आणि इथे पडद्यावरच्या आलेखात एक उंच सुळका उमटला. एके काळी तिथे काहीतरी जगत होतं, असं सांगणारा. झालं! संचालकसाहेब गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेलेच होते. ते पत्रकारांसमोरचं भाषण खिडकीच्या काचेत बघून पाठ करायला लागले. या माणसाने जन्मात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता.

ताई रसायनविभागाची प्रमुख. मंगळावरची ती गाडी इथून हुकूम पाठवून चालवणारी बाई तिची सख्खी धाकटी बहीण, त्यामुळे सगळी प्रयोगशाळाच तिला ताई म्हणायची. धाकटीला चारचौघांत झापायचा हक्क मात्र ताईने स्वतःकडेच ठेवला होता.

"अगं, हा परीक्षकाचा डाव आहे," ताई म्हणाली. "तुमच्यासारख्या उतावळ्यांसाठीच केलेला."

परीक्षक म्हणजे तळमजल्यावर बसणारा एक मितभाषी गृहस्थ. शास्त्रज्ञ हुरळून जातात का हे बघायला तो मंगळावरून येणाऱ्या आकड्यांत अधूनमधून गुपचूप एक खोटी खूण मिसळायचा. प्रमुखाने लेखी निर्णय दिल्याशिवाय काही सांगायचा नाही. गेल्या खेपेला ताई फसली होती. पुढे कित्येक दिवस उपाहारगृहात लोक तिच्याकडे बघून तोंडावर हात धरत होते. ते हसू तिला अजून पचलं नव्हतं.

"पण ताई, खरी असली तर?" धाकटी हळूच म्हणाली. "गाडीच्या वाटीत अर्धी भुकटी उरलीय. बरमा याच भोकात मोडला, आता दुसरी मिळायची नाही. परत एकदा भाजून बघू ना."

"म्हणजे आठवडाभर इथेच मुक्काम! थंडी तोंडावर आलीय. उन्हाच्या उतारावर वेळेत पोचलो नाही तर गाडी गारठून मरेल."

"आठवडा निघेल. मी हिशेब केलाय."

"हिशेब? तू?" ताई मोठ्याने हसली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "लहानपणापासून दूधखुळी ती दूधखुळीच. रस्त्यावरच्या माणसाने काचेचा मणी हिरा म्हणून दिला तरी रुमालात बांधून आणशील. वाटी भरलेली असताना गाडी हलत नाही. ओत ती खाली आणि चल."

धाकटीने मान खाली घातली, कळफलक पुढे ओढला आणि हुकूम पाठवून दिला.

ताईने कागदावर 'खूण खोटी' असं ठळक लिहून सही ठोकली आणि परीक्षकाला वर बोलावून घेतलं. संचालकांचा पडलेला चेहरा जवळून बघायला मिळावा म्हणून तिने त्यांनाही शेजारी बसवलं. परीक्षकाने कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि कागद पुन्हा वाचला.

"मी या खेपेला काहीच मिसळलं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणजे जीव होता तिथे?" संचालक ताडकन उठले. "बोलावू का पत्रकारांना?"

"आधी ती उरलेली भुकटी भाजून खात्री करा," परीक्षक म्हणाला. "एका सुळक्यावर कोण विश्वास ठेवील?"

ताईने घड्याळाकडे पाहिलं. हुकूम मंगळावर पोचायला काही मिनिटं लागतात, पण एकदा निघाला की त्याला मागे बोलावता येत नाही. तिथल्या वाऱ्यात ती भुकटी कुठल्या कुठे जाणार होती. अशी एक खरी खूण सापडावी यासाठी तिने उभी हयात घालवली होती, संसारसुद्धा केला नव्हता. आता तिला एकच आशा होती, आणि त्या आशेची तिलाच लाज वाटत होती. ती खुर्ची सरकवून धाकटीजवळ गेली.

"तू माझं ऐकलं नसशील ना गं?" तिने विचारलं. "थोडी तरी ठेवली असशील ना?"

धाकटीचे डोळे भरून आले होते.

"ताई," ती म्हणाली, "तुझं ऐकलं नाही, असं कधी झालंय का?"