चाकांच्या खुर्च्या

ओसेई अम्पोन्सेमच्या पोटात दुखायला लागलं, त्याचं कारण जेवणात नव्हतं. ते विद्यापीठाच्या ग्रंथालयाशेजारी उभं होतं, काचेचं होतं, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत '१९९०ची बॅच' असं लिहिलेलं होतं.

आमची बॅच एकोणनव्वदची. आमच्या देशात माजी विद्यार्थी विद्यापीठाला काहीबाही बांधून देतात आणि मग इतर बॅचच्या पाट्या वाचून रक्तदाब वाढवून घेतात. तरी ओसेईनं हे गिळलं असतं. पण नव्वदवाल्यांचा म्होरक्या होता एबो अक्वा, आणि एबो म्हणजे ओसेईचा जुना पर्चर. होस्टेलात खोली न मिळालेला पोरगा दुसऱ्याच्या खोलीत जमिनीवर अंग टाकतो, त्याला आम्ही पर्चर म्हणतो. एबो वर्षभर ओसेईच्या पलंगाखाली अर्धा आत, अर्धा बाहेर असा झोपला होता.

"माझ्या चटईवर घोरायचा," ओसेई मला म्हणाला. "आता पोरांना एसीत बसवतोय."

आम्ही ती काचेची अभ्यासिका बघायला गेलो. गारवा, गुबगुबीत चाकांच्या खुर्च्या, भिंतीभिंतीवर 'शांतता राखा'. ओसेईला बराच वेळ काही खोट सापडेना. शेवटी तो म्हणाला की दारांच्या मुठी फार चकाकतात. मग त्याच्या लक्षात आलं, निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पोरं बाहेर गटाराच्या कठड्यावर बसून तावातावानं वाद घालत होती. ओसेईचा चेहरा त्या आठवड्यात पहिल्यांदाच उजळला.

शेवटच्या वर्षाच्या एसिनाम नावाच्या मुलीला त्यानं विचारलं, आत का नाही बसत?

"काका, आम्ही एकमेकांना समजावून सांगतो तेव्हा कुठे डोक्यात शिरतं. आत बोलायला बंदी. गप्प बसलं की नुसती झोप शिरते."

मग काय हवं? सावली, फळा, लॅपटॉपला प्लग आणि भांडायची मुभा, असं ती म्हणाली. ओसेईनं एवढ्या लक्षपूर्वक कुठल्या प्राध्यापकाचं ऐकल्याचं मला आठवत नाही.

त्यानं बॅचची बैठक बोलावली आणि देशाच्या भवितव्यावर भाषण केलं. देशाचं भवितव्य म्हणजे एबो, हे सगळ्यांना कळलं. ओसेईचा धंदा सिमेंटचा. कडुलिंबांच्या रांगेत गोल, बिनभिंतींच्या सिमेंटच्या छत्र्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीत फळा, प्रत्येकीत प्लग. बाकसुद्धा सिमेंटचे, जमिनीतच ओतलेले. आपल्या वेळी पोरं खुर्च्या पळवायची, आता हे पळवून दाखवा म्हणावं, असं त्याचं म्हणणं.

एसिनाम बघायला आली. बसली, आणि लगेच उठली.

"काका, दुपारी तिरपं ऊन आत आलं की यावर केळी भाजता येतील."

"अभ्यासाला बूड टणकच लागतं," ओसेई म्हणाला.

उद्घाटनाच्या दिवशी तो ठेवणीतलं केंटे वस्त्र खांद्यावर टाकून आला. छत्र्या भरून गेल्या होत्या. फळ्यांवर बोटभर जागा नव्हती आणि बाजारासारखा गलका चालला होता. ओसेई फुलला. मग पोरं कशावर बसलीत ते त्याला दिसलं.

एबोच्या खुर्च्या रस्ता ओलांडून घरंगळत आल्या होत्या. एकूण एक. मयताला उसन्या नेलेल्या खुर्च्या हरवू नयेत म्हणून आमच्याकडे पाठीवर रंगानं मालकाचं नाव घालतात. तसं प्रत्येक खुर्चीवर ठळक पांढरं '१९९०ची बॅच'. सिमेंटच्या बाकांवर दप्तरं आणि वाचेची, म्हणजे आमच्या चवळीभाताची, पुडकी निवांत बसली होती. फोटोग्राफर मागच्या बाजूनं फोटो काढत होता.

"हाकल," ओसेई माझ्या कानात म्हणाला.

मी विचारलं, पोरांना की खुर्च्यांना?

"खुर्च्यांना."

मी म्हटलं, खुर्च्या गेल्या तर पोरंही जातील. ओसेईनं भरलेल्या छत्र्यांकडे पाहिलं.

तेवढ्यात एबो आला, स्वतः एक खुर्ची ढकलत. त्यानं वाकून नमस्कार केला.

"सीनियर, बसा. वर्षभर तुमच्या जमिनीवर झोपलो. आज माझी खुर्ची घ्या."

सगळे बघत होते. ओसेईनं सिमेंटच्या बाकाकडे पाहिलं. त्यावर तिरपं ऊन रणरणत होतं, आणि पाद्रीबुवा प्रार्थनेसाठी घसा खाकरत होते. आमच्या पाद्रीबुवांना देवाशी पुष्कळ बोलायचं असतं.

ओसेई बसला. मग खांद्यावरचं केंटे सोडून त्यानं खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि अक्षरं पुरती झाकेपर्यंत ओढून घेतलं. उघड्या खांद्यानं, ताठ मानेनं.

"आरामशीर आहे ना, सीनियर?"

"एक चाक कुरकुरतंय," ओसेई म्हणाला.

प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटले. मी अर्धे उघडे ठेवले होते. ओसेई पायानं जमीन रेटून हळूच मागे गेला, हळूच पुढे आला. मग पुन्हा एकदा गेला.