गोंगाट म्हणून कापलेला हॉर्न

मित्रांनो, मी एक जुना कॉलर माइक आहे. बोटाच्या पेराएवढा जीव, पाठीला चिमटा आणि डोक्यावर केसाळ टोपी. ती टोपी एका कोकराने चघळून अर्धी केली. त्याचा मला राग नाही, त्याला निदान भूक तरी होती. मला किळस येते ती माणसांची.

परंड्याच्या समर्थने मला खोक्यातून काढले. तो आधी लग्नांचे व्हिडिओ करी, पुढे गावोगावच्या माणसांच्या गोष्टी मोबाईलवर दाखवू लागला. "ह्याच्यामुळं आवाज कसा खणखणीत येतो," असे तो चारचौघांत सांगे आणि मी फुगत असे. चित्रात माणूस दिसतो, पण तो शेजारी बसल्यासारखा वाटतो आवाजामुळे, ही माझी घमेंड.

एकदा त्याने मला सोनारीच्या शिवारात सिताबाईंच्या पदराला लावले. सिताबाई मेंढ्या राखतात. त्या वेळी त्या तव्यावर मिरच्या भाजत होत्या. ठसक्याने डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तोंडाने हसणे चालू होते.

"गावरान मिरची हाय बाबा, तुझा कॅमेरा बी रडंल."

तेवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. दोनदा आखूड, एकदा लांब. "आला माझा रामहरी," म्हणत त्यांनी तवा खाली ठेवला. रामहरी त्यांचा मुलगा, एसटीचा ड्रायव्हर. सुट्टीला तो घरी असायचा. इतर दिवशी संध्याकाळी त्या वळणावरचा हॉर्न हाच त्याचा आईला रामराम.

हसू, ठसका, हॉर्न, मी सगळे नीट पोचवले. मग समर्थ लॅपटॉपपुढे बसला आणि मी टेबलावर पडून बघत राहिलो. त्याने हसू कापले. हॉर्न कापला. ओल्या डोळ्यांखाली रडकी बासरी घातली. मेंढ्यांच्या चित्रावर कुठल्या तरी शेळ्यांचे ओरडणे चिकटवले. तेवढ्याने पोट भरले नाही म्हणून संगणकाने बनवलेल्या आवाजात एक म्हातारी बोलती केली: "मला कोणी नाही. पोटच्या पोराने टाकले."

डोळ्यांतले पाणी खरे होते. बासरीने बघणाऱ्यांचा गळा दाटला, आणि दाटल्या गळ्याने कोण विचारतो की बोलणारी खरी का खोटी? चित्र, आवाज आणि निवेदन, तिघांनी मिळून गोष्ट सांगायची असते. इथे तिघांनी मिळून एका लेकाची अब्रू घेतली. शिसारी आली मला.

व्हिडिओ गावोगाव फिरला. काही दिवसांनी सिताबाईंनी समर्थला बोलावून घेतले. सत्कार असेल या आशेने तो मलाही खिशात घालून निघाला.

"तुझ्या त्या बाईनं माझ्या नावानं काय गाऱ्हाणं गायलंय?"

"आजी, आवाज दुसरा हाय, पर भावना तुमचीच की."

"माझी भावना तुला काय ठावं? गाडीतली माणसं रामहरीला इचारत्यात, आई उपाशी आन् तुमच्या डब्यात चपात्या कशा? त्यानं मला फोन केला. म्हणाला, आवाज कुणाचा बी असंल, रडताना तर तूच दिसतीस. तवापासनं वळणावरनं गाडी मुकी जाती."

समर्थने मूळ रेकॉर्डिंग लावले. हसू आले, ठसका आला, मग हॉर्न. सिताबाईंनी हात वर केला.

"ह्ये का काढलं?"

"गोंगाट व्हता त्यो, आजी."

"गोंगाट न्हाय. लेक व्हता माझा."

समर्थची मान खाली गेली. तिथेच लेंड्यांत मांडी घालून त्याने बाई काढली, बासरी काढली, शेळ्या हाकलल्या. मिरच्यांचा तवा सुरुवातीलाच दाखवला आणि पुढचे घडले तसे ठेवले.

"आधी रामहरीला धाड," सिताबाई म्हणाल्या. "जगाचं मागनं बघू."

दुसऱ्या संध्याकाळी समर्थला राहवले नाही. त्याने येऊन मला पुन्हा त्यांच्या पदराला लावले. गाडी वळणावर आली. सिताबाईंचा श्वास थांबलेला मला कापडातून कळला. दोन आखूड झाले. मग लांब, इतका लांब की बसलेल्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या.

खरा व्हिडिओ फारसा कोणी पाहिला नाही. खोटा मात्र लोक अजून एकमेकांना पाठवतात आणि डोळे पुसतात. मी खणात पडून आहे; नवा बिनतारी माइक आला आहे.

मित्रांनो, तुमच्याही हातात आता मोबाईल आहे. गोष्ट करताना ज्याचे तोंड दाखवाल, त्याचेच बोलणे ऐकवा. आणि मधला एखादा आवाज कापायला निघालात, तर आधी त्या घरात विचारा, हा गोंगाट आहे की कोणी हाक मारतेय.