उत्तरेस पांजण

मार्गशीर्षातल्या सकाळी उन्ह अजून कोवळं असायचं, गवतावर दंव असायचं, आणि आंबलेल्या पेजेचा किंचित उग्र, किंचित उबदार वास आमच्या घराच्या उत्तरेकडून दारात यायचा. त्या वासामागोमाग आवाज यायचा. ताणलेल्या सुतावरून लांबच लांब फिरणाऱ्या कुंच्याचा आवाज; सरसर, सरसर, मध्ये दम घेण्यापुरता थांबा आणि पुन्हा सरसर. पांघरुणातून डोकं बाहेर न काढताही मला कळायचं की गिरजाआत्या उठली आहे, तिने पदर कमरेला खोचला आहे आणि ती सुताला खळ देते आहे. आम्हा कोष्ट्यांमध्ये या कामाला पांजण म्हणतात. मागावर चढवण्याआधी ताण्याचं सूत उन्हात लांब पसरायचं, त्याला पेजेची खळ लावायची, कुंच्याने धागा न् धागा सुटा करायचा. नाही तर विणताना तो तुटतो. आणि घराला लागून असलेल्या ज्या अरुंद, लांबट, मोकळ्या पट्टीवर हे काम चालायचं, त्या जागेलाही घरातले सगळे पांजणच म्हणायचे.

गिरजाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी परतली, ते थेट मागावरच बसली. उंच, काटक, ओठ मिटलेले. बोलणं इतकं कमी की घरातल्या मांजरालाही तिच्यापेक्षा जास्त मत असावं. पण तिचे हात बोलत. तुटलेल्या धाग्याची दोन टोकं ती अंगठा आणि तर्जनीत धरून अशी पिळायची की गाठ कुठे पडली ते उन्हात धरूनही सापडू नये. आजोबांनी मरण्यापूर्वी घर वडिलांच्या नावे केलं आणि ती पट्टी आत्याच्या नावे बक्षीसपत्र करून दिली. "पांजण हीच करते, तं जागा हिच्याच नावानं राहू दे," एवढंच ते म्हणाले होते. तो कागद तिच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या खाली गेला आणि आम्ही सगळे त्याला विसरलो.

मग शहर आलं. उमरेड रस्त्यावरची आमची वस्ती नागपूरच्या बाहेर होती, ती न हलता नागपूरच्या आत गेली. आधी तुरीच्या शेतांत रंगीत झेंड्या लागल्या आणि ले-आउट पडले. मग रस्ता चौपदरी झाला. मग सिमेंटचा झाला आणि इतका वर चढला की जुन्या घरांचे उंबरठे त्याच्या पायाशी आले. काचेच्या शोरूममध्ये दुपारचं उन्ह तापून आमच्या भिंतींवर फेकलं जाऊ लागलं. जिथे मागावरच्या धोट्याची खटखट ऐकू यायची, तिथे खडी फोडणाऱ्या यंत्रांचा घरघराट दिवसभर दाटून राहायचा. आत्या मात्र आपल्या पट्टीवर, ठरल्या वेळी, सुताच्या कडेकडेने मागे-पुढे चालत असायची. रस्त्यावरून जाणारे लोक गाडी हळू करून बघत. ती त्यांच्याकडे बघायची नाही.

वडिलांनी घर बिल्डरला दिलं. तिथे मोठी वसाहत होणार होती, बदल्यात आम्हाला तिच्यात एक फ्लॅट मिळणार होता. सही करण्यापूर्वी त्यांनी आत्याला विचारलं नाही. त्यांना वाटलं, घर आपलं, विचारायचं काय. एक अट मात्र त्यांनी घातली. आत्याच्या मागावर जांभळ्या अंगाची, पिवळ्या काठाची साडी अर्धी झाली होती. ही माझी शेवटची, यानंतर माग सोडला, असं तिने स्वतःच जाहीर केलं होतं. ती साडी पूर्ण होईपर्यंत, दिवाळीपर्यंत, मागाच्या खोलीला हात लावायचा नाही. बिल्डरने वडिलांचा हात हातात घेऊन शब्द दिला.

चैत्रात आत्या एका लग्नासाठी दोन दिवस उमरेडला गेली. ती एसटीतून उतरून आली तेव्हा खोली नव्हती. मातीच्या ढिगात माग मोडून पडला होता आणि जांभळं कापड विटांखालून हातभर बाहेर आलं होतं. बिल्डर तिथेच उभा होता, पांढऱ्या बुटांवर धूळ बसू नये म्हणून फळीवर उभा. तो इथलाच, आमच्यासारखंच बोलणारा. त्याने तिला पाहिलं आणि मोठ्या आपुलकीने म्हणाला, "जुनं लाकूडच तं होतं माय. मनाले काहून लावून घेता?"

 ते कापड तिने ओढलं, ते फाटलं, तेव्हा तिने सोडून दिलं. मला वाटलं, म्हातारी खचली. इतकी वर्षं तिच्यासोबत राहून मला माणूस ओळखता आला नव्हता.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी बिल्डरचा माणूस रस्त्यापलीकडे, आम्ही घेतलेल्या भाड्याच्या घरी आला. वसाहतीचं फाटक कुठे काढायचं याचा घोळ चालला होता. दक्षिणेला नाला, पूर्व-पश्चिमेला लोकांची घरं; उरली उत्तर. गावठाणातली जागा, तिचा सातबारा नसतो. जुन्या कागदात ज्या चतुःसीमा लिहिल्या असतील त्या खऱ्या. आमच्या घराच्या कागदावरची शाई उडाली होती. "तुम्ही मराठीचे सर," तो म्हणाला, "एवढं जुनं अक्षर वाचून द्या न." मी शाळेत पंचवीस वर्षं मराठी शिकवत होतो. चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला आणि ठामपणे वाचलं, "उत्तरेस पांदण." वर त्याला समजावूनही सांगितलं की पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी सार्वजनिक गाडीवाट, ती कुणा एकाची नसते. त्याचा चेहरा उजळला. सरकारी वाट म्हणजे फाटकाला आयताच रस्ता.

आत्या तिथेच भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. माझ्या वाचनासरशी तिची बोटं थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे पाहिलं, आणि एक खडा उचलून बाजूला टाकला. पुन्हा तांदूळ निवडू लागली.

मग तीन उन्हाळे ती रस्त्याच्या या बाजूला, आमच्या ओट्यावर बसून समोरचं बांधकाम बघत राहिली. भर उन्हात, कूलरची हवा सोडून. इमारतींचे मजले चढले, पण तिची नजर इमारतींवर नसायची. तिच्या पट्टीवर मुरूम पडला, त्यावर सिमेंट पडलं, दोन्ही कडांना ताडाची आयती वाढलेली झाडं ट्रकमधून आणून लावली, समोरासमोर दुकानांच्या रांगा उठल्या, आणि शेवटी राजस्थानी दगडाची कमान उभी राहिली. कमानीचा शेवटचा दगड बसला त्या दिवशी तिने मला बोलावलं. "छान झाली न गा कमान?" असं तिने विचारलं तेव्हा तिच्या आवाजात इतकी माया होती की मी सुखावलो. म्हटलं, चला, राग निवला.

घरांच्या किल्ल्या देण्याचा दिवस ठरला. मांडव पडला, सनई लागली, झेंडूची तोरणं कमानीवर चढली. सकाळी आठच्या सुमारास आम्ही पोहोचलो, तेव्हा फाटकासमोर गाड्यांची रांग थांबलेली होती आणि पुढे कुणी जात नव्हतं. कमानीखालून थेट मोठ्या रस्त्यापर्यंत, त्या चकचकीत सिमेंटवर, बांबूच्या घोड्यांवर पांढरं सूत ताणलेलं होतं. उन्ह त्यावर पडून ते झळाळत होतं. उमरेडहून आणलेल्या दोन म्हाताऱ्या विणकरणी टोकं धरून उभ्या होत्या, आणि आंबलेल्या पेजेची बादली शेजारी ठेवून गिरजाआत्या कुंचा फिरवत होती.

बिल्डर धावत आला. "माय, हे काय करून राहिल्या तुम्ही? मंत्रीसाहेब येऊन राहिले. हे सरकारी पांदण आहे!"

"पांदण नाई गा," आत्या हात न थांबवता म्हणाली. "पांजण. पांजण हाये हे. माह्या नावाची." मग तिने मला खुणेने बोलावलं, कमरेची पिशवी सोडली आणि आजोबांचा कागद माझ्या हातात दिला. "वाच. आता नीट वाच."

मी वाचलं, "घराच्या उत्तरेची पांजण, गिरजाच्या नावे." शंभर माणसांपुढे, सनई थांबलेली असताना, मराठीच्या मास्तरने एका अक्षराची आपली चूक मोठ्याने वाचून दाखवली.  बिल्डरचा चेहरा मी त्या वेळी पाहिला आणि लाज असूनही मला आतून गार वाटलं, हे मी लपवणार नाही.

तो कोर्टात गेला. कोर्टाने जैसे थे सांगितलं; कागद स्पष्ट होता. त्याने आत्याला पैसा देऊ केला, फ्लॅट देऊ केला, शेवटी नवा माग देऊ केला. नवा माग म्हटल्यावर ती हसली, आणि तिचं हसू मी आयुष्यात तेवढंच पाहिलं. रहिवाशांसाठी नाल्याच्या बाजूने मागची कच्ची वाट निघाली. समोरची दुकानं कुणी घेईना. शटरांवर गंज चढला, ताडाची झाडं एकेक करून वाळली. आणि रोज सकाळी आत्या तेच सूत ताणायची, खळ द्यायची, संध्याकाळी गुंडाळून धुऊन टाकायची. ते कुठल्याच मागावर चढणार नव्हतं.

एकदा मी धीर करून विचारलं, "आत्या, मी चुकीचं वाचलं तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तुह्या बापानं सही केली तवा मले कोणी सांगतलं होतं?" ती म्हणाली. मग सुताकडे बघत, "अन् कोष्ट्याच्या पोराले पांजण वाचता नाई आली, तं त्याच्यात माही काय चूक?"

तेव्हा मला समजलं की तिने सूड एकट्या बिल्डरवर उगवला नव्हता. मी तो निमूट घेतला. माझ्या वाटणीचा होता.

वडिलांशी ती बोलत नव्हती. ते फ्लॅटच्या गॅलरीत बसत, ती खाली कमानीपाशी. दोघं म्हातारे एकमेकांना दिवसभर दिसत. पौषात वडील गेले. तिरडी बांधून झाली, आणि मागच्या वाटेवर रात्रीच्या अवकाळी पावसाने नाल्याचं पाणी आलेलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी कमानीपाशी गेलो.  तिने माझ्या डोक्यावरचा रुमाल पाहिला. कुंचा खाली ठेवला, ओलं सूत स्वतःच्या हाताने गुंडाळत गुंडाळत मोठ्या रस्त्यापर्यंत गेली आणि ते पोटाशी धरून कडेला उभी राहिली. तिरडी तिच्या समोरून गेली तेव्हा तिने हात लांब करून भावाच्या पायांना बोटं लावली. आम्ही वळणावर पोहोचलो आणि मी मागे पाहिलं. ती पुन्हा सूत ताणत होती.

पुढच्या फाल्गुनात ती गेली. सकाळी उठलीच नाही. पट्टी तिने माझ्या नावावर करून ठेवली होती, आणि तिचे बांबूचे घोडे मी तिथे तसेच आडवे राहू दिले.

तेराव्यानंतर बिल्डर आमच्या घरी आला. मागच्या वाटेने आला होता, बुटांना चिखल होता. तो दारात बूट काढताना चार वर्षांत पार म्हातारा झालेला दिसला. चहा झाला. मग त्याने पट्टीच्या विक्रीचा कागद टेबलावर ठेवला. "सर, आत्याबाई गेल्या. आता कोणाचा राग अन् कोणासाठी? चाळीस घरं चिखलातून जाऊन राहिली. तुमची मिसेस जाऊन राहिली. तुमच्याच घराचं दार उघडून देतो म्हणतो मी." त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं. दारात उभी असलेली माझी बायको माझ्याकडे बघत होती. तिचे गुडघे दुखतात, आणि त्या वाटेवर ती दोनदा पडली आहे. मी पेन उचललं. कागद तीनदा वाचला, आता मी सगळं तीनदा वाचतो. आणि पेन खाली ठेवून म्हणालो, "नाही देत."

"काहून?" त्याने विचारलं. मी कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने तो उचलला, आणि बूट हातात घेऊन तो जिना उतरला.

बायको त्या दिवसापासून माझ्याशी मोजकं बोलते, आणि तिचं चुकत नाही. शेजारी मला खडूस म्हणतात, तेही चुकत नाहीत. मी स्वतः रोज सकाळी शाळेला निघताना नाल्याकडून वळसा घालतो. लोकांच्या आठवणी फोटोत राहतात, त्यांना हार घातले जातात, मग हार वाळतात आणि पुढे फोटोकडे कुणी बघत नाही. माझ्या आत्याचा फोटो नाही. सरळ वाटेपेक्षा या वळशाला पावलं जितकी जास्त पडतात, तितकीच ती या जगात उरली आहे. आणि ते अंतर मला कमी करायचं नाही.