काटा नाकावर येईपर्यंत

"वहिनी, लवकर ये! दादाच्या घड्याळासमोर रांग लागलीय, रांग!"

नणंदेने माझं मनगट धरलं आणि गर्दीतून मला जवळजवळ ओढतच नेलं. रांग नव्हती, घोळका होता. काचेच्या पेटीवर वाकून माणसं बघत होती आणि हसत होती. एक बाई हसता हसता नवऱ्याच्या दंडावर चापटी मारून म्हणाली, "अहो, हे तुमच्यासाठीच बनवलंय!" नवरा म्हणाला, "मिळेल का विचार ना."

मी टाचा उंचावून आत पाहिलं. पांढऱ्या मखमलीवर सासूबाईंचं घड्याळ ठेवलं होतं. खाली ठळक अक्षरात छापलेलं कार्ड होतं: 'आळशीरामाचं घड्याळ. उठा, प्या, लोळा, पुन्हा झोपा!'

मी ते कार्ड दोनदा वाचलं.

शहरातल्या सगळ्यात मोठ्या घड्याळांच्या दालनात ते प्रदर्शन भरलं होतं, तऱ्हेवाईक मनगटी घड्याळांचं. एका घड्याळात काट्यांच्या जागी चमचा आणि काटा होता. एकाच्या तबकडीवर अंडं फोडल्यासारखा पिवळा बलक पसरलेला, आणि वेळ त्या बलकाच्या डागावरून ओळखायची. एकात आकडेच नव्हते, तबकडीभर फक्त 'उशीर झाला' असं लिहिलेलं. एक अख्खं लाकडात कोरलेलं होतं, आतली चाकंसुद्धा लाकडाची, आणि ते पाहून हे दोन मिनिटं श्वास घ्यायचे विसरले. बनवणाऱ्यांची कमाल होती, मी नाही म्हणत नाही. ज्यांनी हसवायला बनवली त्यांच्या घड्याळांना लोकांनी खुशाल हसावं.

पण आमचं घड्याळ कुणाला हसवायला बनवलेलं नव्हतं.

बस थांब्याच्या इमारतीत, जिन्याखाली, ह्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी ते दर्शनी बाजूला होतं. मालकाला तिथे मोबाइलवाला बसवायचा होता, म्हणून त्याने ह्यांना जिन्याखाली सरकवलं. मी तणतणले, तर हे म्हणाले, "जाऊ दे. घड्याळाला कुठे ऊन लागतं?" गिऱ्हाईक स्वतः घड्याळ पाण्यात बुडवून आणणार आणि वर ह्यांनाच म्हणणार, तुम्ही आतलं मशीन बदललंत. तेव्हाही जाऊ दे. लग्नानंतर पहिल्या वर्षात मला वाटायचं, काय शांत स्वभावाचा नवरा मिळाला! पुढे पुढे वाटायला लागलं, ह्या माणसाला कधी तरी कशाचा तरी राग यावा. मी देवाकडे फारसं मागत नाही, पण हे मागून पाहिलंय.

मात्र माणसाकडे बघून घड्याळ बनवावं ते ह्यांनीच. शेजारच्या केशकर्तनवाल्याला त्यांनी उलटं फिरणारं घड्याळ करून दिलंय, आकडेही उलटे. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला समोरच्या आरशात त्याचं मनगट दिसतं, त्यात वेळ सरळ वाचता येते. दवाखान्यातल्या परिचारिकेला तबकडी आडवी फिरवून दिली, म्हणजे रोग्याची नाडी धरल्या धरल्या स्वतःचा हात न वळवता तिला सेकंद काटा दिसतो. ह्यांच्या लेखी ती गंमत नव्हती. ज्याला जे अडतं ते त्याच्या मनगटावर सोपं करून द्यायचं, एवढंच.

सासूबाईंना आकडे अडायला लागले.

आधी पैसे मोजताना अडले, मग घड्याळात. 'सहा वाजता येईल' म्हटलं की त्या मान हलवायच्या आणि पाच मिनिटांनी विचारायच्या, "माझा मुलगा कधी येणार गं?" सहा म्हणजे काय, हेच निघून गेलं होतं. एका दुपारी मी कपडे वाळत घालत असताना त्या मुलाला शोधायला बाहेर पडल्या. सापडल्या त्या चौकातल्या बँकेच्या पायरीवर. पायात काही नाही, तळवे भाजलेले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या, "घड्याळवाला आला का?"

त्या रात्री हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानातून एक जुनं घड्याळ घेऊन आले, त्यातली चाकं बदलली, दोन काटे काढून टाकले. एकच काटा उरला, तोही दिवसभरात एकच फेरी मारणारा. मग पांढरी तबकडी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "आकडे नकोत. तिचा दिवस काढ."

ह्यांचं भिंग डोळ्याला लावून मी सासूबाईंचा दिवस काढला. खिडकी, कप, आंघोळीची बादली, ताट, दुपारची खाट. मग ह्यांचा चेहरा, मग दिवा, मग पुन्हा खाट. चेहरा एवढ्याशा जागेत मावेना, म्हणून मी नाकावर भर दिला. ह्यांचं नाक तसं भर देण्याजोगंच आहे. काटा बरोबर नाकाच्या शेंड्यावर आला की हे दारात.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी ते बराच वेळ निरखलं आणि म्हणाल्या, "बाकी कुणाचंही असू दे, नाक मात्र त्याचंच."

त्यानंतर त्या कधी बाहेर गेल्या नाहीत. "काटा अजून ताटापाशीच आहे," असं स्वतःशी म्हणत खिडकीत बसायच्या. त्या पडून असायच्या म्हणून नव्हे, वाट बघता यावी म्हणून त्या घड्याळात खाट होती. आणि ह्यांना यायला उशीर झाला तर ही वाळलेली काडी दारात मनगट उंचावून उभी राहायची. "काय रे, काटा नाकाच्या पुढे गेला की! कुठे होतास?" हे पंचावन्न वर्षांचे. मान खाली घालून म्हणायचे, "चुकलो. बस मिळाली नाही."

त्या गेल्यावर ह्यांनी घड्याळाला चावी दिली नाही. कापसात गुंडाळून दुकानातल्या डब्यात ठेवून दिलं.

ते त्या दालनात कसं गेलं, तर दालनाचा व्यवस्थापक एकदा ह्यांच्या दुकानात आला होता. गळ्यात टाय, केसांना एवढं तेलपाणी की माशी बसली तर घसरावी. केशकर्तनवाल्याचं घड्याळ बघून तो हरखला. तुमच्याकडचं एखादं असंच द्या म्हणाला, कार्डावर तुमचं नाव छापतो. ह्यांचं नाव आजवर कुठे छापलं गेलंय? मला न विचारता ह्यांनी डबा उघडला. मग घरी येऊन म्हणाले, "आईचं घड्याळ लोकांनी बघावंसं वाटलं गं. मी त्यांना सांगितलंय, कार्डावर फक्त 'आईसाठी' एवढंच लिहा."

मलाही वाटलं, बघू देत.

आणि आता लोक बघत होते! "ही बादली कशाला?" "अरे, आळशी माणूस पण महिन्यातून एकदा आंघोळ करतो!" कुणी तरी काटा नेमका नाकावर आणून ठेवला होता. नाकातून काटा निघालाय असं दिसावं, म्हणजे जास्त गंमत. सासूबाई सबंध दिवस ज्या जागेची वाट बघायच्या, त्या जागेवर दालनवाल्यांनी विनोद करून ठेवला होता.

मी नणंदेला म्हटलं, "ओळखलं का, कुणाचं आहे ते?"

"दादाचंच की."

"आईंचं आहे. त्यांच्या हातात पाहिलं होतंस ना तू?"

ती गडबडली. पाहिलं असतं तर ना! आईच्या आजारपणात ती दोनदा येऊन गेली, तीही घाईघाईत. "असेल गं," ती म्हणाली, "पण लोकांना आवडतंय ना! आयुष्यात पहिल्यांदा दादाला कुणी विचारतंय. तू तोंड पाडू नकोस."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे घोळक्याच्या कडेला उभे होते, नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. कार्ड त्यांनी वाचलं होतं. ओठांवर एक ओशाळं हसू होतं, जिन्याखाली जाताना होतं तेच.

"अहो, हे काय लिहिलंय?"

"त्यांना वाटलं असेल, लोकांना कळायला सोपं."

"तुमच्या आईला आळशी म्हणतायत."

"त्यांना काय माहीत, आईचं आहे?"

"तुम्ही सांगितलं होतंत ना?"

ह्यांनी बाहीने काचेवरचे बोटांचे ठसे पुसले. मग म्हणाले, "जाऊ दे."

माझा एक नेम आहे. दिवेलागणीपर्यंत आपल्या तोंडून कुणाला लागेल असा शब्द जाऊ द्यायचा नाही. रोज सकाळी पाणी घेण्याआधी मी देवापुढे हे कबूल करते. दिवे लागल्यावर सूट असते असं नाही, पण तोवर बोलण्याची ताकदही उरलेली नसते. त्या दालनात मी ओठ दाबून उभी राहिले आणि मनात नाम घ्यायला लागले. नाम सरळ येईना. दर दोन ओळींनी मध्येच 'आळशीराम' येत होता.

तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. रंगीत साडीतली निवेदिका लाडात म्हणाली, "आणि प्रेक्षकांनी निवडलेलं, सगळ्यात जास्त हसवणारं घड्याळ... आळशीराऽऽम!"

टाळ्या. शिट्ट्या. नणंद ह्यांना पुढे ढकलत होती. "जा ना दादा!" आणि हे गेले. मी पाहत राहिले. आयुष्यभर जिथे ढकलतील तिथे गेले, तसेच.

व्यासपीठावर व्यवस्थापकाने ह्यांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "फोटोसाठी घालाच मनगटावर!" म्हणाला. पेटी उघडली, घड्याळ आलं. त्याने पट्टा ह्यांच्या मनगटाभोवती गुंडाळला. टोकं एकमेकांना भेटेनात. ओढून पाहिलं, तरी नाही. मग स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं, तिथेही नाही. निवेदिकेच्या नाजूक हातालाही होईना.

"कमाल आहे!" व्यवस्थापक ध्वनिक्षेपकात म्हणाला. "एवढं लोळून आळशीराम इतका रोडका कसा हो?"

अख्खं दालन हसलं. मागची माणसं काही न दिसताच हसली.

हे हसले नाहीत. त्यांनी पट्टा चिमटीत धरला होता आणि त्यातली भोकं बघत होते. विकत घेतानाची जी दोन-तीन भोकं उरली होती, ती सारख्या अंतरावर होती. त्यांच्या पुढची ओबडधोबड, घरी आरीने पाडलेली. सासूबाईंचा हात वाळत गेला तसं एकेक वाढत गेलेलं, आणि पट्ट्याचं लोंबणारं टोक कापत गेलेलं. शेवटचं तर पट्ट्याच्या इतकं आत होतं की तिथे लहान मुलाचंच मनगट मावावं. ते पाडताना ह्यांनी पट्टा मांडीवर घेतला होता, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "सैल असू दे रे. पडलं तर तू उचलून देशील."

"हे माझ्या आईचं आहे," हे म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. ध्वनिक्षेपक जवळ होता म्हणून ऐकू आलं.

"अगं बाई, किती गोड!" निवेदिका म्हणाली. "आईसाठी एकदा जोरदार टाळ्या!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! ज्या हातांनी हसून हसून पोट धरलं होतं, त्याच हातांनी.

हे टाळ्या संपेपर्यंत थांबले. मग घड्याळ शर्टाच्या खिशात ठेवलं आणि पायऱ्या उतरायला लागले. बक्षिसाची चकचकीत ढाल टेबलावरच राहिली. व्यवस्थापक मागून धावला. "अहो, अहो! प्रदर्शन संपेपर्यंत वस्तू नेता येत नाही. नियम आहे तसा."

"असेल," हे म्हणाले.

"रागावलात का? गंमत होती हो ती. जाऊ द्या ना."

हे थांबले. त्याच्याकडे वळून नीट बघत म्हणाले, "नाही. हे नाही जाऊ देणार."

माझे डोळे एकदम भरून आले. माझ्या लग्नाच्या आयुष्यात मी ते वाक्य पहिल्यांदा ऐकत होते.

व्यवस्थापकाने माझ्याकडे मोर्चा वळवला. "ताई, तुम्ही तरी समजवा त्यांना."

दालनाच्या काचेबाहेर अजून उजेड होता. आत मात्र सकाळपासूनच दिवे लागलेले होते. कुठली दिवेलागण धरायची, ह्याचा मी क्षणभर विचार केला. जिभेच्या टोकावर बरंच काही होतं. मग मी एवढंच म्हटलं, "साहेब, एकच शब्द लिहायचा होता. तेवढ्याला जागा नव्हती का तुमच्या कार्डावर?"

त्याला कुठला शब्द ते आठवलंच नाही. तोंडावरून कळत होतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला, आणि अजून येतो. मुद्दाम चेष्टा केली असती तर एक वेळ माफ केलं असतं.

नणंद दारापर्यंत आली. "दादा," ती म्हणाली, "मला दाखव ना एकदा." ह्यांनी खिशातून काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिने शेवटच्या भोकावरून बोट फिरवलं आणि परत दिलं. आमच्याबरोबर बसपर्यंत ती आली नाही.

बस उशिरा आली आणि भरलेली आली. दोन थांब्यांनंतर आम्हाला बसायला मिळालं. हे खिडकीशी बसले, घड्याळ काढलं, आणि सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा चावी दिली. हळूहळू, कानाशी धरून. मग पुढच्या सीटवरच्या माणसाला वेळ विचारली. घड्याळवाल्याने दुसऱ्याला वेळ विचारावी! त्या माणसाने सांगितली, तसा ह्यांनी काटा फिरवून जागेवर आणला.

घराच्या दाराशी मी पिशवीतून किल्ली काढून ह्यांच्या हातात दिली. हे तसेच उभे राहिले.

"उघडा ना," मी म्हटलं.

त्यांनी जिन्याच्या दिव्याखाली घड्याळ माझ्यापुढे धरलं. काटा नाकाच्या बराच पुढे गेला होता, दिव्याच्या चित्राला टेकत आला होता.

"आज बोलणी बसली असती," हे म्हणाले.

मग त्यांनी चपला बाहेरच काढून हातात घेतल्या, आणि उशिरा आलेला मुलगा उघडतो तसं, कडीचा आवाज होऊ न देता, दार उघडलं.